तीन कॉलमांची प्रायमरी की, दोन पत्ते आणि हायबरनेट: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी बँकेचा ओरॅकलवरचा जुना डेटाबेस तसाच ठेवून त्यावर स्प्रिंग बूट (जावा भाषेतली चौकट) आणि हायबरनेट (जावातल्या वस्तूंची डेटाबेसच्या टेबलांशी जोडणी, म्हणजे मॅपिंग, करणारी लायब्ररी) वापरून नवी प्रणाली बांधायची आहे. खाते टेबलची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारे कॉलम) शाखा क्रमांक, खातेप्रकार आणि खाते क्रमांक अशा तीन कॉलमांची आहे. व्यवहार टेबलमध्ये या तिन्हींच्या जोडीला तारीख आणि अनुक्रमांक आहेत. ग्राहक टेबलची की शाखा क्रमांक आणि ग्राहक क्रमांक अशी आहे. अशी अनेक कॉलमांची, म्हणजे कंपोझिट, की मॅप करायला एम्बेडेडआयडी घ्यावे की आयडीक्लास हे प्रश्नकर्त्याला ठरवता येत नाही. नाती जोडताना 'एकच कॉलम दोनदा मॅप झाला आहे' अशी चूक येते. शिवाय ग्राहकाचे दोन्ही पत्ते एकाच क्लासने मॅप केल्यावर पत्ता कधीकधी नल (मूल्यच नसलेला) येतो.

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तरीही मी ते एकत्रच घेणार आहे, कारण हायबरनेटच्या दृष्टीने कंपोझिट आयडी आणि पत्ता एकाच जातीचे आहेत. हायबरनेट ज्याला पूर्वीपासून कंपोनंट म्हणत आले आणि जेपीएने (अशा जोडणीसाठीच्या जावाच्या मानकाने) ज्याला एम्बेडेबल हे नाव दिले, ती म्हणजे व्हॅल्यू. तिला स्वतंत्र ओळख नसते, स्वतंत्र आयुष्य नसते, आणि सगळे भाग सारखे असले की दोन व्हॅल्यू सारख्याच मानायच्या असतात. खाते ही एंटिटी, म्हणजे स्वतंत्र ओळख असलेली वस्तू, आहे. खात्याची तीन भागांची की ही व्हॅल्यू आहे आणि ग्राहकाचा पत्ताही व्हॅल्यूच आहे. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाले की पुढच्या बहुतेक अडचणी उभ्या राहतात, असा माझा अनुभव आहे. याच्या जोडीला दुसरा नियम धरा: टेबलमधल्या प्रत्येक कॉलममध्ये लिहिण्याचा अधिकार मॅपिंगमधल्या एकाच ठिकाणाला असावा. वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एकच.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. टेबलची रचना बदलण्याची मुभा तुम्हाला आहे का, यावर अर्धे उत्तर ठरते. मुभा असेल आणि त्या टेबलवर दुसरा कोणताही प्रोग्राम चालत नसेल, तर मी प्रत्येक टेबलला एक अर्थहीन, आपोआप तयार होणारा आयडी देईन आणि जुन्या तीन कॉलमांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच मूल्ये दोनदा येऊ न देणारे बंधन) ठेवेन. अर्थ असलेल्या ओळखी आज ना उद्या बदलतात. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यानंतर त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. त्या ११ अक्षरांतली पहिली चार बँकेची आणि शेवटची सहा शाखेची असतात, त्यामुळे बँक बदलल्यावर ओळख तशीच राहणे शक्य नव्हते. तुमच्या खात्याच्या कीमध्येही शाखा क्रमांक बसलेला आहे. दोन शाखा एकत्र आल्या किंवा ग्राहकाने खाते दुसऱ्या शाखेत हलवले, तर की बदलावी लागेल आणि तिच्यावर टेकलेल्या प्रत्येक व्यवहाराची फॉरेन की (दुसऱ्या टेबलच्या कीकडे बोट दाखवणारे कॉलम) हीसुद्धा बदलावी लागेल. ओरॅकलमध्ये फॉरेन कीला 'ऑन अपडेट कॅस्केड' (मूळ की बदलली की फॉरेन कीही आपोआप बदलणे) ही सोय नाही. हायबरनेट तर आधीच अडवते: मॅनेज्ड, म्हणजे हायबरनेटच्या देखरेखीखालच्या, एंटिटीचा आयडी बदललात, तर फ्लशच्या, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये लिहिण्याच्या, वेळी 'आयडेंटिफायर बदललेला आहे' असे सांगून ते एक्सेप्शन टाकते. म्हणून खाते हलवणे म्हणजे नवे खाते उघडून जुने बंद करणे, असाच व्यवहार तुमच्या बँकेत होत असेल, तर ही की टिकेल. तसे नसेल, तर नव्या प्रणालीत हे काम हायबरनेटच्या बाहेर, स्वतंत्र एसक्यूएल स्क्रिप्टने आणि रात्रीच्या वेळी करायचे, हे आत्ताच ठरवून ठेवा.

तुमच्या प्रश्नावरून जुने रिपोर्ट आणि दिवसअखेरचे प्रोग्राम त्याच टेबलांवर चालू राहणार आहेत असे दिसते. म्हणजे टेबलांना हात लावता येणार नाही. पुढचे उत्तर हे गृहीत धरून लिहितो.

एम्बेडेडआयडी की आयडीक्लास, या प्रश्नावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. दोन्हींत टेबल तेच राहते, आयडीसाठी वेगळा क्लास दोन्हींत लागतो, आणि त्या क्लासला इक्वल्स व हॅशकोड (दोन वस्तू सारख्या आहेत का हे ठरवणाऱ्या जावाच्या मेथड) दोन्हींत लिहावेच लागतात. फरक इतकाच की एम्बेडेडआयडीत आयडी ही एंटिटीच्या आत बसलेली एक वस्तू असते, तर आयडीक्लासमध्ये तेच भाग एंटिटीवर सुटे मांडलेले असतात आणि वेगळा क्लास फक्त शोधण्यापुरता वापरला जातो. क्वेरीमध्ये पहिल्या पद्धतीत 'खाते, त्याचा आयडी, त्यातली शाखा' असे तीन पायऱ्यांनी जावे लागते, दुसऱ्यात थेट शाखेवर जाता येते. तुमच्या बाबतीत मी एम्बेडेडआयडी घेईन. बँकेत खाते क्रमांक ही एक स्वतंत्र कल्पना आहे: पासबुकावर ती एकत्र छापली जाते, काउंटरवर एकत्र बोलली जाते, एका सर्व्हिसकडून दुसरीकडे एकत्र पाठवली जाते. अशा कल्पनेला कोडमध्ये स्वतःचा क्लास मिळाला, की तपासणी आणि पासबुकावरच्या रूपात लिहिण्याचे काम त्याच क्लासमध्ये ठेवता येते. ज्या जोडटेबलमध्ये दोन फॉरेन की एकत्र येऊन प्रायमरी की होते आणि त्या जोडीला स्वतंत्र अर्थ नसतो, तिथे मला आयडीक्लास सुटसुटीत वाटतो.

आता आयडीच्या क्लासकडे वळू. खरे काम इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. हा क्लास अपरिवर्तनीय ठेवा. त्यात सेटर (मूल्य बदलणाऱ्या मेथड) नकोत, आणि पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हायबरनेटसाठी प्रोटेक्टेड ठेवावा. हायबरनेट सेशनमधल्या वस्तू नकाशात (मॅपमध्ये), म्हणजे आयडीवरून वस्तू शोधता येईल अशा संग्रहात, ठेवते. नकाशात ठेवल्यानंतर आयडीचा एखादा भाग बदलला, तर हॅशकोड बदलतो आणि ती वस्तू नकाशात असूनही सापडत नाही. तुम्ही हायबरनेट ६.२ किंवा त्यापुढची आवृत्ती, म्हणजे स्प्रिंग बूट ३.१ पासून पुढे वापरत असाल, तर एम्बेडेबल म्हणून जावाचा रेकॉर्ड (न बदलणाऱ्या मूल्यांसाठीचा क्लासचा प्रकार) घेता येतो, आणि जकार्ता पर्सिस्टन्स (जेपीएचे आताचे नाव) ३.२ मध्ये, म्हणजे २०२४ पासून, ही सोय मानकातच आली आहे. रेकॉर्ड घेतला तर इक्वल्स आणि हॅशकोड लिहावेच लागत नाहीत. मात्र पुढे सांगितलेल्या मॅप्सआयडीबरोबर (नात्यावरून आयडीचे भाग भरण्याची सोय) रेकॉर्ड घेणार असाल, तर तुमच्या नेमक्या आवृत्तीत एक छोटी टेस्ट लिहून मगच पुढे जा, कारण मॅप्सआयडीमध्ये आयडीचे भाग नंतर भरले जातात आणि रेकॉर्डमध्ये नंतर काहीच भरता येत नाही.

इक्वल्स लिहिणे एवढेच पुरेसे नाही. डेटाबेसचे 'सारखे' आणि जावाचे 'सारखे' एकच आहेत का, हे पाहावे लागते, आणि जुन्या डेटाबेसमध्ये ते बहुधा एक नसतात. खातेप्रकाराचा कॉलम निश्चित लांबीच्या कॅर प्रकारचा असेल, तर डेटाबेसमधून आलेल्या 'एसबी'च्या मागे भरीच्या मोकळ्या जागा येतात. तुम्ही कोडमध्ये तयार केलेल्या आयडीत त्या नसतात. मग एक तर टेबलमधली ओळ सापडत नाही, किंवा क्वेरीतून आलेले खाते आणि तुमच्या हातातला आयडी जुळत नाहीत, आणि मॅपिंगमध्ये चूक शोधण्यात दिवस जातो. हाच डेटाबेस उद्या मायएसक्यूएलवर नेला, तर तिथल्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत) लहान आणि मोठी लिपी सारखीच धरली जाते, जावामध्ये मात्र ती वेगळी राहते. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल मानते, जावा मानत नाही. तारखेच्या कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल, तर 'त्याच दिवसाचा' व्यवहार सारखा ठरत नाही. बिगडेसिमल (जावाचा दशांश संख्यांचा प्रकार) असेल, तर १ आणि १.० हे इक्वल्सच्या लेखी वेगळे असतात.

यावर कन्व्हर्टर (वाचता-लिहिताना मूल्याचे रूप बदलणारा क्लास) लावावा असे पहिल्यांदा सुचते. पण आयडीच्या भागांवर कन्व्हर्टर लावू नये असे मानकच सांगते, त्यामुळे तो मार्ग सोडा. भरीच्या जागांचा बंदोबस्त दोन टप्प्यांत करावा लागतो. नव्या कोडमध्ये आयडी तयार होतो तिथे, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, प्रत्येक भाग एका ठरलेल्या रूपात आणा. डेटाबेसमधून येणारे मूल्य मात्र हायबरनेट थेट फील्डमध्ये भरते, म्हणून इक्वल्स आणि हॅशकोडमध्ये तुलनाही त्या ठरलेल्या रूपावरच करा. शाखा क्रमांक जुन्या टेबलमध्ये '००७' असा स्ट्रिंगमध्ये असेल, तर तो इंटिजर करण्याचा मोह टाळा. टेबलमध्ये जो प्रकार आहे तोच ठेवा. खातेप्रकारासाठी ईनम (ठरावीक मूल्यांची यादी) वापरायचा असेल, तर तो नावानेच साठवा, क्रमांकाने नाही, आणि त्या नावांची जुन्या कोडशी अक्षरशः जुळणी होत असेल तरच वापरा.

जुन्या टेबलांत आणखी एक गोष्ट आढळते. प्रायमरी की म्हणून सांगितलेल्या कॉलमांवर प्रत्यक्षात कन्स्ट्रेंट नसतो आणि काही ओळींमध्ये एखादा भाग नल असतो. कंपोझिट आयडीचा एक भाग जरी नल आला, तरी हायबरनेट ती एंटिटीच नाही असे मानते आणि यादीत त्या जागी नल ठेवते. चूक दाखवली जात नाही, फक्त यादीत मध्येच नल येतात. म्हणून मॅपिंग लिहिण्याआधी साध्या एसक्यूएलने दोन गोष्टी तपासा: तिन्ही कॉलमांत कुठे नल आहे का, आणि तिन्हींची जोडी कुठे दोनदा आली आहे का.

नात्यांकडे येतो. 'एकच कॉलम दोनदा' ही चूक येते, कारण व्यवहाराच्या आयडीत शाखा, प्रकार आणि क्रमांक तुम्ही एकदा साधे भाग म्हणून मॅप केले आहेत आणि खात्याशी नाते जोडताना तेच तीन कॉलम पुन्हा जॉइनकॉलम (नाते जोडणारे कॉलम) म्हणून दिले आहेत. दोघेही लिहायला पुढे येतात आणि हायबरनेट अडवते. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत यावर उपाय म्हणून नात्याच्या प्रत्येक कॉलमवर इन्सर्टेबल आणि अपडेटेबल फॉल्स करा, म्हणजे त्यात लिहिणे बंद करा, असे सांगितलेले असते. २००६ च्या जेपीए १.० मध्ये याहून नीट मार्ग नव्हता, म्हणून ते लेख तसे आहेत. २००९ मध्ये जेपीए २.० आले आणि त्यात मॅप्सआयडी आले. आज तोच मार्ग घ्यावा.

तो असा. व्यवहाराच्या आयडीच्या क्लासमध्ये शाखा, प्रकार आणि क्रमांक सुटे लिहू नका. खात्याचा आयडी हा संपूर्ण क्लासच तिथे एक भाग म्हणून ठेवा, आणि त्याच्या जोडीला तारीख व अनुक्रमांक. व्हॅल्यूच्या आत व्हॅल्यू ठेवता येते. मग व्यवहार एंटिटीवर खात्याशी मेनीटूवन (अनेक व्यवहार, एक खाते) नाते लिहा आणि त्यावर मॅप्सआयडी लावून त्यात त्या भागाचे नाव द्या. आता त्या तीन कॉलमांचा मालक एकच राहिला: नाते. नव्या व्यवहाराला खाते जोडले, की आयडीतले ते तीन भाग हायबरनेट स्वतः भरते. मात्र व्यवहाराच्या आयडीची वस्तू आधीपासून तयार असावी लागते. ती नल राहिली, तर भरायला जागाच नसते आणि एक्सेप्शन येते. जॉइनकॉलम तीन लिहिताना प्रत्येकासमोर समोरच्या टेबलमधल्या कॉलमचे नाव न विसरता द्या. ते दिले नाही, तर जोड्या क्रमाने लागतील या भरवशावर राहावे लागते, आणि हायबरनेट एम्बेडेबलचे भाग बहुधा तुम्ही लिहिलेल्या क्रमाने धरत नाही, नावांच्या वर्णक्रमाने धरते. हाच वर्णक्रम टेबल तयार करतानाही आड येतो. हायबरनेटकडून टेबल तयार करून घेतले, तर प्रायमरी कीच्या इंडेक्समध्ये शाखेच्या आधी एखादा भलताच कॉलम येऊ शकतो आणि शाखेनुसार शोधणाऱ्या क्वेरींना तो इंडेक्स उपयोगी पडत नाही. म्हणून टेबलांची रचना फ्लायवे किंवा लिक्विबेस या टेबलांचे बदल सांभाळणाऱ्या साधनांमध्ये हाताने लिहावी आणि हायबरनेटला फक्त पडताळणी करू द्यावी.

ग्राहकाशी असलेले नाते मात्र याहून अवघड आहे, आणि माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नातला हाच सर्वांत कठीण भाग आहे. खाते टेबलमध्ये ग्राहकाची फॉरेन की शाखा क्रमांक आणि ग्राहक क्रमांक मिळून होते. त्यातला शाखा क्रमांक हा खात्याच्या स्वतःच्या प्रायमरी कीचा भाग आहे, ग्राहक क्रमांक मात्र नाही. म्हणजे एकाच नात्यातला एक कॉलम आयडीच्या मालकीचा आणि दुसरा मोकळा. तुम्ही शाखेच्या कॉलमवर इन्सर्टेबल फॉल्स केले आणि ग्राहक क्रमांकावर केले नाही, तर हायबरनेट पुन्हा अडवते: एकाच नात्यात लिहिता येणारे आणि न येणारे कॉलम मिसळता येत नाहीत. मॅप्सआयडी इथे लागू होत नाही, कारण ग्राहकाचा पूर्ण आयडी खात्याच्या आयडीत बसलेला नाही.

यावर दोन मार्ग आहेत. हायबरनेटमध्ये शाखेचा कॉलम फॉर्म्युला म्हणून आणि ग्राहक क्रमांक कॉलम म्हणून देण्याची सोय आहे. ती मानकात नाही आणि आवृत्तीगणिक तिचे वागणे पुन्हा तपासावे लागते, म्हणून मी ती टाळतो. मला दुसरा मार्ग सरळ वाटतो. ग्राहक क्रमांक हा खात्यावरचा साधा, लिहिता येणारा भाग म्हणून मॅप करा. ग्राहकाशी असलेले संपूर्ण नाते, दोन्ही कॉलमांसह, फक्त वाचण्यापुरते ठेवा. मग खात्याच्या क्लासमध्ये 'ग्राहक जोडा' अशी एक मेथड लिहा, जी आधी ग्राहकाची शाखा आणि खात्याची शाखा एकच आहे ना हे तपासेल, नंतर ग्राहक क्रमांक भरेल आणि नात्याचा फील्डही भरेल. वाचण्यापुरत्या नात्यातला बदल डेटाबेसपर्यंत जात नाही, म्हणून या दोन गोष्टी एकाच मेथडमध्ये एकत्र होणे आवश्यक आहे. शाखेची तपासणीही केवळ सोपस्कार नाही. दुसऱ्या शाखेचा ग्राहक चुकून जोडला गेला, तर या रचनेत फक्त त्याचा क्रमांक लिहिला जाईल आणि तो क्रमांक या शाखेतल्या भलत्याच माणसाचा असू शकेल. फॉरेन की कन्स्ट्रेंट त्याला हरकत घेणार नाही, कारण तो ग्राहक अस्तित्वात आहे.

इथवरचे थोडक्यात: आयडी ही न बदलणारी व्हॅल्यू, पूर्ण की बसत असेल तिथे मॅप्सआयडी, अर्धीच बसत असेल तिथे साधा कॉलम लिहिण्यासाठी आणि नाते वाचण्यासाठी.

तुम्ही विचारले नाही, पण पैशांशी संबंधित प्रणालीत सांगितलेच पाहिजे असे काही आहे. स्प्रिंग डेटाच्या रिपॉझिटरीतली सेव्ह ही मेथड एंटिटी नवी आहे की जुनी, हे आयडी किंवा व्हर्जन (एंटिटी किती वेळा बदलली ते सांगणारा भाग) पाहून ठरवते. आयडी आपोआप तयार होणारा असेल तर तो नल असतो आणि एंटिटी नवी ठरते. तुमचा आयडी मात्र तुम्हीच भरलेला असतो, म्हणून व्हर्जनचा भाग नसेल तर प्रत्येक नवे खाते जुने समजले जाते आणि पर्सिस्टऐवजी (नवी ओळ टाकण्याऐवजी) मर्ज (असलेल्या ओळीत माहिती मिसळणे) होते. त्याचा पहिला परिणाम म्हणजे प्रत्येक इन्सर्टआधी एक निष्कारण सिलेक्ट. तो खर्च परवडेल. दुसरा परिणाम परवडणारा नाही: तो आयडी असलेले खाते आधीच असेल, तर मर्ज कुठलीही चूक न दाखवता त्या खात्यावर नवी माहिती लिहून मोकळे होते. नवे खाते उघडताना दुसऱ्याच्या खात्यावरचे नाव बदलले जाणे बँकेत चालणार नाही. म्हणून एंटिटीला पर्सिस्टेबल हा इंटरफेस द्या आणि 'नवी आहे का' याचे उत्तर स्वतः द्या: नवी वस्तू बनताना होय, डेटाबेसमधून वाचल्यावर किंवा साठवल्यावर नाही. किंवा खाते उघडण्याच्या सर्व्हिसमध्ये रिपॉझिटरी बाजूला ठेवून एंटिटीमॅनेजरचे पर्सिस्ट थेट वापरा. त्यात तीच की पुन्हा आली, तर डेटाबेस युनिकच्या चुकीने अडवतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते.

व्यवहाराच्या अनुक्रमांकाबद्दलही असेच. कंपोझिट आयडीच्या एका भागाला जनरेटेडव्हॅल्यू (मूल्य आपोआप तयार करण्याची सोय) लावण्याची हमी मानक देत नाही, आणि मॅप्सआयडीने आलेल्या आयडीत तर त्यावर विसंबूच नये. आतापर्यंतचा सर्वांत मोठा अनुक्रमांक शोधून त्यात एक मिळवणे ही पद्धत दोन काउंटरवरून एकाच क्षणी व्यवहार झाला की मोडते. खात्याची ओळ पेसिमिस्टिक राइट लॉकने (काम संपेपर्यंत इतरांना ती बदलू न देणाऱ्या कुलपाने) वाचा, मग अनुक्रमांक काढा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये व्यवहार लिहा. खात्याची शिल्लक बदलण्यासाठी तो लॉक बहुधा तुम्हाला घ्यावाच लागतो, त्यामुळे वेगळा भार पडत नाही.

पत्त्याचा प्रश्न आता सोपा झाला. कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता यांसाठी पत्ता हा एकच एम्बेडेबल क्लास घ्या आणि प्रत्येक वापरावर अॅट्रिब्यूटओव्हरराइडने कॉलमांची नावे वेगळी द्या. पत्ता कधीकधी नल येतो याचे कारण असे, की त्या पत्त्याचे सगळे कॉलम नल असतील तर हायबरनेट रिकामा पत्ता तयार करत नाही, पत्ताच नल ठेवते. 'रिकामा पत्ता' आणि 'पत्ता नाही' यांत टेबलमध्ये काही फरक नसल्यामुळे त्याला तसे करावे लागते. सर्व रिकामे असले तरी वस्तू बनवावी अशी एक सेटिंग हायबरनेटच्या काही आवृत्त्यांत आहे, पण ती संपूर्ण प्रणालीला लागू होते आणि मी ती वापरत नाही. 'पत्ता नाही' ही खरी स्थिती आहे आणि ती ग्राहकाच्या क्लासमध्ये एका मेथडने स्पष्ट करावी: पत्रव्यवहाराचा पत्ता नसेल तर कायमचा द्यावा, हा बँकेचा नियम असेल तर तो तिथेच लिहावा.

पत्ताही अपरिवर्तनीय ठेवा. 'दोन्ही पत्ते एकच' या चौकोनावर खूण केल्यावर अनेकजण एकच वस्तू दोन्ही फील्डमध्ये ठेवतात. पत्त्याला सेटर असतील, तर नंतर एका पत्त्याचा पिनकोड बदलला की दुसऱ्याचाही बदलतो. सेटर नसतील, तर बदल म्हणजे नवा पत्ता ठेवणे, आणि मग वस्तू सामायिक असली तरी धोका नाही. नवी वस्तू ठेवल्याने निष्कारण अपडेट होईल अशी भीती बाळगू नका. हायबरनेट घटकाची (कंपोनंटची, म्हणजे पत्त्यासारख्या व्हॅल्यूची) तुलना त्याच्या भागांनुसार करते. भाग सारखे असतील तर अपडेट होत नाही.

घटक कुठे थांबवावा, हेही सांगतो. नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, नाते आणि जन्मतारीख खात्याच्याच टेबलमध्ये एक घटक म्हणून ठेवलेली जुन्या डेटाबेसमध्ये दिसते. एकच व्यक्ती असेपर्यंत ते योग्य होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेव्हा हे कॉलम पुरणार नाहीत. असे घटक अनेक असतील, तर एलिमेंटकलेक्शन (व्हॅल्यूंचा संग्रह वेगळ्या टेबलमध्ये ठेवणे) हा पहिला मार्ग सुचतो आणि तो चालतो, पण क्रमाचा कॉलम नसलेली लिस्ट घेतली तर एका व्यक्तीची माहिती बदलताच हायबरनेट त्या खात्याच्या सगळ्या ओळी काढून पुन्हा टाकते. सेट घेतला तर इक्वल्स आणि हॅशकोड नीट हवेत, आणि रिकामे राहू शकणारे कॉलम त्यात नसलेले बरे, कारण ओळ ओळखायला तिच्या कॉलमांतल्या मूल्यांखेरीज दुसरे काही नसते. प्रत्येकाचा हिस्सा किती, दावा कधी आला, कोणी मंजूर केला असे प्रश्न येऊ लागले, की त्या व्यक्तीला स्वतःचे आयुष्य आले. मग तो घटक राहिला नाही, एंटिटी झाला. हे टेबल नवे असल्यामुळे त्याला अर्थहीन आयडी द्या आणि खात्याची तीन कॉलमांची फॉरेन की ठेवा. जुन्या कंपोझिट कीची परंपरा नव्या टेबलांत पुढे नेण्याचे कारण नाही. नाही तर नातवंड टेबलपर्यंत पोहोचताना कीचे पाच-सहा कॉलम होतात आणि प्रत्येक जॉइन तेवढा लांबतो.

क्वेरींबद्दल थोडेच. अनेक खाती एकदम आणायची असतील, तर आयडींची यादी 'इन'मध्ये देण्याआधी तुमचा डेटाबेस कॉलमांच्या जोड्या 'इन'मध्ये स्वीकारतो का ते पाहा. ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएल स्वीकारतात, एसक्यूएल सर्व्हर स्वीकारत नाही. आणि व्यवहार लिहिताना खात्याची माहिती नको असेल, फक्त नाते जोडायचे असेल, तर संपूर्ण खाते न वाचता गेटरेफरन्सने त्याचा संदर्भ घ्या. लॉक घ्यायचा असेल तिथे मात्र खाते वाचावेच लागेल.

सुरुवात कुठून करावी हे विचाराल, तर एका शाखेचा डेटा चाचणीसाठी वेगळा काढा आणि फक्त ग्राहक, खाते आणि व्यवहार या तीन एंटिटी मॅप करा. त्यावर चार टेस्ट लिहा: आयडीने वाचलेले खाते आणि क्वेरीने वाचलेले खाते एकच वस्तू येते का, तीच की पुन्हा टाकल्यावर चूक येते का, दुसऱ्या शाखेचा ग्राहक जोडता येत नाही ना, आणि सगळे पत्ते नल असलेला ग्राहक वाचताना कुठे नलपॉइंटर येत नाही ना. एसक्यूएलचा लॉग चालू ठेवून या टेस्ट चालवा आणि प्रत्येक इन्सर्टआधी सिलेक्ट दिसतो का ते डोळ्यांनी पाहा. चारही पार पडल्या, की बाकीची टेबले याच साच्यात घेता येतील. ग्राहकाच्या नात्यावर अडलात, तर त्या दोन एंटिटींचे मॅपिंग आणि हायबरनेटची नेमकी आवृत्ती इथे द्या, मी पाहून सांगतो.